'एलियस'ला मराठीत काय म्हणावे: लघुरूप, टोपणनाव की उर्फ?

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, हिच्यावर मराठीत टिपणे लिहीत आहे. कमिट (बदल नोंदवणे), ब्रँच, मर्ज हे शब्द तसेच ठेवले, कारण ते सगळ्यांच्या तोंडी बसलेत. अडले ते 'एलियस'पाशी. दिवसभर 'गिट स्टेटस' टाइप करत बसण्यापेक्षा कॉन्फिग फाइलच्या एलियस विभागात 'एसटी = स्टेटस' अशी एक ओळ घातली की पुढे 'गिट एसटी' एवढे पुरते. याला आधी मी 'शॉर्टकट' म्हटले होते. पण शॉर्टकट म्हटले की वाचणाऱ्याला कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आठवते, आणि 'शॉर्टकट मारला' यात काम नीट न केल्याचा सूर असतो. 'लघुरूप' चालेल का?

*

'लघुरूप' नको, कारण एलियस लहानच असतो असे नाही. 'रिसेट हेड' आणि पुढे दोन आडव्या रेघा, या कमिटसाठी निवडलेली फाइल निवडीतून काढणाऱ्या आज्ञेला पुष्कळ जण 'अनस्टेज' असे नाव देतात. त्यात अक्षरे थोडीफार वाचतात, पण खरा फायदा वेगळा आहे. मूळ आज्ञा वाचून काय घडणार ते कळत नाही, 'अनस्टेज' वाचून कळते.

'सीआय'चेही तसेच. कमिटसाठी हा एलियस सर्रास ठेवला जातो आणि नव्या माणसाला ते कमिटचेच लघुरूप वाटते. मुळात ती 'चेक-इन'ची आद्याक्षरे आहेत. 1980च्या दशकात वॉल्टर टिची यांनी केलेल्या आरसीएस या अशाच जुन्या प्रणालीत सीआय आणि सीओ (चेक-आउट) हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम होते. पुढे सीव्हीएस आणि सबव्हर्जन या नंतरच्या प्रणालींनी ही नावे मुख्य आज्ञेच्या जोडीला चालू ठेवली. 2005 साली गिट आले तेव्हा त्यात ती नव्हती, म्हणून जुन्या सवयीच्या लोकांनी ती एलियस करून घेतली. म्हणजे जे लघुरूप दिसते ते खरे तर जुने नाव आहे.

माझे मत 'उर्फ'. हा शब्द अरबीतून आला. 'ओळखणे, जाणणे' या अर्थाच्या ज्या धातूपासून आपले 'मारफत' आणि 'तारीफ' आले, त्याच धातूचा हा. रघुनाथराव उर्फ राघोबादादा: माणूस एक, नावे दोन, आणि दुसऱ्या नावाने पहिले पुसले जात नाही. गिटही नेमके हेच पाळते. 'एसटी' ठेवला तरी 'स्टेटस' चालूच राहते, आणि 'कमिट' या नावाचा एलियस करून मूळ कमिट झाकायला गेलात तर गिट त्याकडे दुर्लक्ष करते. शेलमधल्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममधल्या, एलियसला ही अट नाही. तिथे मूळ आज्ञेचेच नाव दुसऱ्या अर्थाने वापरता येते, म्हणून शेलसाठी 'उर्फ' थोडा सैल बसेल.

*

'टोपणनाव' का नको? बोलायला सोपे आहे.

आणि एक शंका. 'उर्फ' हे अव्यय. दोन नावांच्या मधे येते. 'माझे उर्फ', 'तीन उर्फ केले' असे कोण म्हणते?

*

टोपणनाव माणसाला लाडाने मिळते किंवा लेखक स्वतः घेतो. आज्ञेला ते ऐकायला विचित्र वाटते. अव्ययाची शंका मात्र रास्त आहे. पण खुद्द 'एलियस' लॅटिनमध्ये क्रियाविशेषणच होते, 'अन्य वेळी, एरवी' अशा अर्थाचे. इंग्रजीत त्याचे नाम झाले. 'उर्फ'नेही तोच रस्ता धरला तर भाषेवर अन्याय होणार नाही.

खरी अडचण दुसरी आहे. झालेल्या कमिटची यादी दाखवणाऱ्या 'लॉग'ला वनलाइन, ग्राफ, ऑल असे तीन पर्याय जोडून त्या सगळ्याला 'एलजी' म्हणतात. तिथे एका नावाला दुसरे नाव दिलेले नसते, अख्ख्या वाक्याला नाव दिलेले असते. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या एलियसमध्ये तर गिटबाहेरच्या आज्ञाही येतात. तिथे मी 'नाव देणे' एवढेच लिहीन, शब्द ताणणार नाही.

*

पटले. 'सीआय'चा उगम मला माहीत नव्हता, तो टिपणात घेतो. नुसत्या दुसऱ्या नावासाठी 'उर्फ', नपुंसकलिंगी, 'नाव'प्रमाणे: उर्फ ठेवले, उर्फ काढले. पर्यायांसकट बांधलेल्या आज्ञेसाठी 'नाव दिले'. आणि पहिल्यांदा येईल तिथे 'एलियस म्हणजे उर्फ' असे एकदा लिहीन, म्हणजे कॉन्फिग फाइल उघडणारा चुकणार नाही.