दुसरं प्रूफ बंद, पगार १८ तारखेला... थांबू की सोडू?

काना_मात्रा:
अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनात संपादनाचं काम करते, चार वर्षं आठ महिने झाले. जुने मालक होते तोवर पगार कमीच होता पण तीन प्रुफं काढून चुका तपासल्याशिवाय पुस्तक प्रेसला जायचं नाही. आता केबिनमध्ये त्यांचा मुलगा बसतो आणि त्याला सगळं एक्सेलमध्येच दिसतं. आधी मुद्रितशोधक काकांना घरी बसवलं, मग दुसरं प्रूफ बंद, म्हणे स्पेलचेक आहे ना. मराठीत!! जुनी पुस्तकं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये घ्यायची नि थेट छापायची, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात ते बघायचं मी, मागच्या कव्हरवरचा ब्लर्ब लिहायचा मी, रॉयल्टीसाठी लेखकांचे फोन पण मीच घ्यायचे कारण साहेब तेव्हा कायम मीटिंगमध्ये. परवा मुखपृष्ठावरच चूक गेली. हजार प्रतींना रविवारी स्टिकर लावत बसलो, वडापाव ज्याचा त्याने आणायचा, आणि सोमवारी मलाच मेल की क्वालिटीकडे लक्ष द्या. सोडू का?

बाइंडरचा_पोरगा:
आमच्याकडे कागद ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ७० झाला, आता ६० मागतायत, मागच्या पानावरचं पुढून वाचता येतं. सहाशे पानी ठोकळा पण शिलाई नको, नुसता गोंद. एकदा मजकूर १६१ पानं भरला, म्हणजे १६ पानं एकत्र छापून घडी घातलेले १० फॉर्मे आणि वर एक पान. ते वाचवायला अर्पणपत्रिकाच उडवली. लेखकाने आईला अर्पण केलं होतं हो!

पेठेतला_नाना:
सोडा. चहा बंद केला असेलच, नसेल तर पुढच्या महिन्यात करतील.

हिशोबनीस:
नाना, थांबा. ताई, चार महिने कसेही काढा. पर्मनंट असाल तर ५ वर्षं सलग भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागते, १० किंवा जास्त माणसं असलेल्या जागेला लागू आहे. शेवटचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक १८ हजार धरलं तर साधारण ५२ हजार होतात, ते कशाला सोडायचे? आणि पीएफ कापत असतील तर आजच पासबुक उघडून बघा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवर कापलेला दिसतो आणि खात्यात आलेला नसतो असं मी स्वतः भोगलंय. अपॉइंटमेंट लेटरची झेरॉक्स घरी आणून ठेवा.

काना_मात्रा:
पासबुक बघितलं. तीन महिने कोरे आहेत. स्लिपवर मात्र तिन्ही महिने कापलेत.

हिशोबनीस:
मेल करा त्यांना, तोंडी बोलू नका. उत्तर नाही आलं तर पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाका. राजीनाम्याचा विषय तोवर काढू नका.

पेठेतला_नाना:
मेलचं मात्र दुसरं प्रूफ काढा.