वाळूजच्या कंपनीचं जॉइनिंग लेटर आलंय, पण आधी २,४५० भरा म्हणायलेत

जालनेकर:
धाकटा भाऊ आयटीआय फिटर. जॉब ॲपवर अर्ज टाकला होता, परवा व्हॉट्सॲपवर फोन आला. जराशा गप्पा झाल्या, तीच म्हणे मुलाखत. संध्याकाळी वाळूजच्या एका मोठ्या कंपनीच्या नावानं लेटर हजर, पगार २२ हजार. आता गेटपास, ड्रेस आणि सेफ्टी शूजचे २,४५० मागायलेत, ते पण आज पाचच्या आत. आई म्हणते भरून टाक. मला काही पटंना. शिक्का-सही सगळं आहे.

बजाजनगरवाला:
एक रुपया देऊ नका. मी इथं कामगार ठेकेदाराच्या ऑफिसात असतो, पोरं गेटवर नेऊन सोडायचं कामच माझं. गेटपासला पैसे पडत नाहीत. सिक्युरिटीवाला आधार बघतो, रजिस्टरात नाव लिहितो, आत सोडतो. फिटरच्या हातात आधी व्हर्नियर देऊन माप घ्यायला लावतात. फोनवर कोण फिटर पारखतं ओ? ड्रेस-बुटाचे काही ठेकेदार पगारातून कापतात (ते पण चूकच, पण तो विषय वेगळा), जॉइन व्हायच्या आधी कुणी मागत नाही.

लेटरवरचा पत्ता बघा. वाळूज एमआयडीसीत प्लॉट नंबरच्या आधी बहुतेक अक्षर असतं, ई, के, एल असं. आणि पैसे कुणाच्या नावावर मागितलेत?

जालनेकर:
नुसतं 'प्लॉट नं. ४७' आहे. मेल जीमेलचा. यूपीआयवर कुण्या बाईचं नाव येतंय.

परभणीची ताई:
झालं मग. नकार दिला की 'रिफंड मिळेल' म्हणून क्यूआर पाठवतील, बघा. पैसे यायला पिन लागत नसतो. पिन टाकला की आपलेच जातात. कुणी भरलेच असतील तर तडक १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात.

जालनेकर:
पैसे नाही दिले. पण आधार आणि पासबुकाचे फोटो गेलेत.

बजाजनगरवाला:
आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून टाका. खात्यात कुणाचे पैसे आले आणि 'चुकून आलेत, पुढं पाठवा' असा फोन आला तर ऐकू नका, सरळ बँकेत जा. लुटलेला पैसा असाच फिरवतात, अन् खातं गोठतं तुमच्या भावाचं.

काम आहे इथं फिटरला. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, फी नाही. आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं पाठवा त्याला. मार्कशीट ओरिजिनल आणू द्या, पण दाखवायची फक्त, कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. आमच्या ऑफिसात पण नाही.