एकादशीचं ताट कुठल्या देशाचं?

खानापूरकर
काल ग्रुपवर एकानं पोस्ट टाकली: "परदेशी पिकं, परदेशी जनावरं हाकला, आजोबांच्या ताटाकडं परत चला." आजोबांच्या ताटात होतं काय वो? एकादशीचे शेंगदाणे, रताळं, बटाटा, हिरवी मिरची, सगळी अमेरिका खंडातली. साबुदाण्याचा कंदही तिकडचाच, आणि तामिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने 1940 च्या दशकातले. 1492 ला कोलंबस अमेरिकेत पोचला, त्यानंतर ही पिकं जहाजानं जगभर फिरली, आपल्याकडं बरीचशी पोर्तुगीजांनी आणली. आमच्या खानापूरचा काजूही त्यांचाच. संकेश्वरी मिरचीपण हाकलणार काय? मग मिरी टाकून आमटी करा आणि वरीवर उपवास काढा.

शिवारातला
पोस्ट माझीच. मिरचीला कोण काय बोललं? माझा राग एचएफवर, त्या परदेशी दुधाळ गायीवर. खिल्लार जोडी विकून दोन एचएफ घेतल्या. एकीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, सड कायमचं गेलं. उन्हाळ्यात माणसाला पंखा नाही, हिला पाहिजे. आणि गाजर गवत विसरलात? तेपण अमेरिकेतलंच, 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं, आता आमच्या बांधावर.

निपाणकर
खिल्लार गाय दूध किती देते ते लिही की! डेअरीचं बिल एचएफवर निघतंय. दगडी गोठा ओला ठेवल्यानं होते, कोलंबसानं नाही. आणि तंबाखूपण तिकडचीच. 1981 ला तिच्या भावासाठी आमच्या निपाणीच्या लोकांनी हायवे अडवला, गोळीबारात माणसं गेली. ते पीक परदेशी म्हणून ती माणसं परकी काय?

शिवारातला
माझा गोठा बघितलाय काय तू? लई शहाणपण नको. माणसांबद्दल मी बोललोच नाही.

शहापुरी
आधी आपल्याला इथं कर्नाटकात पीक विम्याचा फॉर्म मराठीत मिळूदे, मग कोलंबस बघू.

खानापूरकर
झालं, आला सीमाप्रश्न! अमेरिकेत गाय नव्हतीच, कोलंबसानं 1493 च्या दुसऱ्या सफरीत नेली. पुढं आपल्या ओंगोल आणि गीर जातीच्या गायी ब्राझीलला गेल्या, ओंगोलची तिकडं नेलोर झाली. त्यांनी निवड करून गीरचं दूध वाढवलं, आता गीरचं वीर्य आपण तिकडून आणतोय. देशी देशी करणाऱ्यांनी तेवढी मेहनत केली काय? गाजर गवताचं मात्र मान्य.

शिवारातला
उपकार झाले. मिरची ठेवतो मग. काजूपण ठेवतो, तुमच्यासाठी. एचएफ नाही.

निपाणकर
दुसरी एचएफ विकणार काय? कितव्या वेताची?

शिवारातला
दुसऱ्या. भाव इथं नको, फोन कर.