सुतारी टेबलाचा नवा माथा मधे खोल गेलाय, आत्ताच रंधा मारू का?

सागफळी (देवगड):
माथा सागाचा, 6 फूट × 2 फूट, जाडी अडीच इंच, पाच फळ्या चिकटवून केलेला. जुलैत वरच्या अंगाला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, खालचं अंग कोरंच. आता सरळपट्टी आडवी धरली की मधे एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट, दोन्ही कडा वर. पायांवर अजून बसवलेला नाही. रंधून सपाट करू, की बसवून बोल्टनं खाली ओढू?

रंधेकरी:
दोन्ही नको. कोऱ्या अंगानं पावसात ओल जास्त ओढली, ते फुगलं, म्हणून कडा उचलल्या. त्या आत्ता रंधल्यात तर खालचं अंग सुकल्यावर माथा मधे फुगीर होईल. आणि बोल्टनं ओढलात तर सांधा तरी उकलेल, नाहीतर फळी चिरेल.

माथा घरात, सावलीत कडेवर उभा करा. दोन्ही अंगांना सारखा वारा लागू दे. उन्हात मुळीच नको, टोकं आधी सुकतात आणि चिरा जातात. दर रविवारी फट मोजा. लागोपाठ दोन रविवार ती बदलली नाही की खालच्या अंगालाही तेलाचे दोन हात, टोकांना चार. रंधा दिवाळीनंतर. (तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.)

चिरेबंदी:
खाली काजूच्या टरफलांचं तेल चालेल की. होड्यांना लावतातच.

रंधेकरी:
होडीला ठीक. इथे हात सतत लाकडाला लागणार, आणि त्या तेलानं कातडी भाजते.

किंजळ:
बसवताना पुढच्या पायांवर कोच स्क्रूची (पान्यानं आवळायचा जाड लाकडी स्क्रू) भोकं नेमकी ठेवा, मागचे पाय जोडणाऱ्या आडपट्टीत लांबट: 3/8 इंची स्क्रूला पाऊण इंच लांब, माथ्याच्या रुंदीच्या दिशेनं. दोन फुटी साग वर्षभरात सूत-दीड सूत सहज हलतो. तो मागे सरकू दे, पुढची कड पायांशी सपाट राहायला हवी. मोठा वायसर घालून स्क्रू आवळा, मग थोडा सैल सोडा. स्क्रू स्टेनलेसचे, खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं आणि सागात काळे डाग उतरतात.

त्याआधी पाय लेव्हलमध्ये आणा. जांभ्याची जमीन असेल तर पाचर लागणारच. पाय तिरके राहिले तर माथाही पिळतो.

सागफळी:
आणि रंधल्यावर बरोबर झालं हे कसं ओळखायचं?

किंजळ:
दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खाली वाकून एकीवरून दुसरी बघा. वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. रंधा आधी तिरका, 45 अंशात, दोन्ही बाजूंनी. मग लाकडाच्या रेषेबरोबर लांबीत. सागात वाळूचा अंश असतो, पातं लवकर बोथट होतं, तेव्हा मधेच धार लावायला कंटाळू नका. 5 फुटी पट्टीखाली पोस्टकार्ड सरकेनासं झालं की पुरे.

मग 4 फुटी फळी लावून जोरात रंधा ओढा. टेबल सरकलं तर पायांमधल्या खालच्या फळीवर वजनाला जांभ्याचे दोन चिरे ठेवा. सरकत नाही पण डुलतं, तर दोष पायांच्या सांध्यात आहे, माथ्यात नाही. लाकूड अडवून धरायच्या खुंट्यांची भोकं सगळ्यात शेवटी, आडपट्टी टाळून, 20 मिमी. खुंटी किंचित सैल ठेवा, नाहीतर जूनमध्ये अडकून बसेल.