एचओ मापातला चालता सेमाफोर सिग्नल: हात परत नीट आडवा होत नाही

मीटरगेज:

नमस्कार. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्याआधी त्या मार्गावर शोभले असते अशा एका लहान, काल्पनिक मीटरगेज स्थानकाचे मॉडेल मी एचओ, म्हणजे १:८७ या मापात करत आहे. रूळ १२ मिलिमीटरचा आहे. हिशेबाने तो साडेअकरा हवा, पण बाजारात बाराचाच मिळतो, म्हणून तेवढा फरक मी चालवून घेतला आहे. स्थानकात मुख्य मार्ग आणि एक लूप (बाजूने जाऊन पुन्हा मिळणारा रूळ) एवढेच असून खांबावर हलणारा हात असलेले सेमाफोर सिग्नल लोअर क्वाड्रंट पद्धतीचे आहेत, म्हणजे हात आडवा असेल तर थांबायचे आणि तो खाली झुकला की पुढे जायचे.

पहिला होम सिग्नल, म्हणजे गाडीला स्थानकात घेणारा सिग्नल, तयार झाला आहे. खांब पितळी नळीचा असून आठ मीटरच्या हिशेबाने ९२ मिलिमीटर उंच आहे. हात १४ मिलिमीटरचा, पितळी पत्र्याचा आहे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी आसावर फिरतो. हात हलवण्यासाठी गिटारची सर्वांत बारीक तार नळीतून खाली आणून ती एसजी-९० सर्व्होच्या (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरच्या) पात्याला, केंद्रापासून ८ मिलिमीटरवरच्या छिद्रात अडकवली आहे. वरच्या टोकाला ही तार आसापासून २ मिलिमीटरवर जोडलेली आहे. सर्व्हो आर्डुइनो नॅनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डवर चालतो.

अडचण अशी की सिग्नल खाली करून परत आडवा केला, की हात कधी बरोबर आडवा होतो, तर कधी तीन-चार अंश लोंबकळत राहतो. प्रोग्रॅममधला आकडा बदलून एकदा जुळवले, तरी काही वेळाने पुन्हा तेच होते. वीज चालू करताना हात जोरात झटका घेतो, आणि एकदा तर त्या झटक्याने तार वाकली. सिग्नलच्या दिव्याचा उजेडही त्याच्या डब्याच्या फटींतून बाहेर झिरपतो. शिवाय सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) आणि सिग्नल यांना एकमेकांशी बांधणारे इंटरलॉकिंग कुठून सुरू करावे हे समजत नाही, कारण माझे टेबल जेमतेम २.४ मीटर लांब आहे आणि आउटर, म्हणजे होमच्या बराच आधी लागणारा सिग्नल, कुठे उभा करायचा हाच प्रश्न आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

डाखकाम:

आपण मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण दोष त्या मापांतच दिसतो. हात ४५ अंश खाली यायला तारेची हालचाल जेमतेम दीड मिलिमीटर लागते, आणि ८ मिलिमीटर त्रिज्येवर तेवढी हालचाल सर्व्हो केवळ ११ अंश फिरून पुरी करतो. म्हणजे सर्व्होच्या एकूण फिरण्यातला अगदी थोडा भाग आपण वापरत आहात. आता उलट हिशेब करून पाहा. एसजी-९० सारखा स्वस्त सर्व्हो एखाद्या अंशाने मागेपुढे थांबणे हा त्याचा स्वभाव आहे. त्या एका अंशात तार ०.१४ मिलिमीटर सरकते, आणि २ मिलिमीटर त्रिज्येवर ०.१४ मिलिमीटर म्हणजे हाताचे पूर्ण चार अंश होतात. आपल्याला दिसणारे लोंबकळणे नेमके हेच आहे. प्रोग्रॅममधला आकडा कितीही बदललात तरी ते जाणार नाही.

उपाय सोपा आहे. फळीखाली २० मिलिमीटरची पितळी पट्टी एका टोकाला खिळवून तरफ करावी. सिग्नलची तार खिळीपासून ५ मिलिमीटरवर जोडावी आणि सर्व्होचा दुवा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला द्यावा. मग त्याच दीड मिलिमीटरसाठी सर्व्होच्या पात्याला सहा मिलिमीटर चालावे लागेल, म्हणजे तो सुमारे ४४ अंश फिरेल, आणि सर्व्होची एका अंशाची चूक हातावर एकाच अंशाएवढी उरेल. तरफेची छिद्रे तारेला घट्ट बसतील अशी पाडावीत. छिद्र सैल असले, तर तरफेने कमावलेले तिथेच गमावले जाते.

झटक्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. सर्व्होला ५ व्होल्टचा पुरवठा आर्डुइनोच्या पिनवरून न घेता वेगळ्या अॅडॅप्टरवरून द्यावा, दोन्हींची ग्राउंड जोडावी आणि सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. प्रोग्रॅममध्ये ‘अटॅच’ या आज्ञेच्या आधीच ‘राइट’ने आडव्या स्थितीचा आकडा द्यावा. एवढे करूनही झटका उरला, तर सर्व्होची वीज एका छोट्या रिलेतून न्यावी आणि आर्डुइनो सुरू होऊन संदेश स्थिर झाल्यावरच तो रिले ओढावा.

सर्व्होऐवजी निटिनॉलची आकसणारी तार वापरावी असाही सल्ला आपल्याला कोणी देईल. ती आवाज करत नाही हे खरे, पण ती आपल्या लांबीच्या चारेक टक्केच आकसते आणि चालते उष्णतेवर, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात तिचे वागणे सारखे राहील अशी अपेक्षा मी तरी धरणार नाही.

केबिन:

मी सिग्नल खात्यात नोकरी केली आहे, म्हणून खऱ्या सिग्नलच्या बाजूने थोडे लिहितो. वरचा तरफेचा हिशेब बिनचूक आहे. तरीही ‘आडवा हात’ ही स्थिती सर्व्होने ठरवावी हेच मला पटत नाही. खऱ्या सेमाफोरमध्ये केबिनमधला, म्हणजे सिग्नल चालवण्याच्या खोलीतला, खटका (लांब दांडा) ओढला की तार ताणली जाते आणि सिग्नल पडतो, म्हणजे हात खाली झुकतो. खटका परत टाकला, किंवा तार मध्येच तुटली, तर प्रतिभार हाताला पुन्हा आडवा करतो, आणि हात अडणीवर टेकून थांबतो. लोअर क्वाड्रंटमध्ये काचांची चौकट, म्हणजे स्पेक्टॅकल, खांबाच्या दुसऱ्या बाजूला असते आणि ती हातापेक्षा मुद्दाम जड ठेवलेली असते, तीही याच कामासाठी. धोका दाखवण्यासाठी कोणाचीही शक्ती लागू नये, हे या यंत्राचे मूळ तत्त्व आहे. इंग्लंडमध्ये १८७६ साली ॲबट्स रिप्टन येथे बर्फ साचून सिग्नलचा हात खाली अडकून राहिला, चालकांना मार्ग मोकळा दिसला आणि मोठा अपघात झाला. त्यानंतर तिकडे सिग्नल एरवी धोक्यावरच ठेवण्याची शिस्त रूढ झाली.

लोंबकळणारा हात प्रत्यक्षातही दिसत असे, कारण थंडीने तार आखडून हाताला किंचित खाली ओढते आणि केबिनमध्ये तिचा ताण वेळोवेळी जुळवावा लागतो. मात्र सिग्नल नीट दिसत नसेल, तर तो सर्वांत कडक संकेत देत आहे असे धरून चालावे, असा चालकाला नियम आहे. आपला तीन-चार अंश झुकलेला हात पाहून खरा चालक गाडी उभीच करील.

म्हणून खांबावर हाताला टेकेल अशी बारीक अडणी डाखून घ्यावी आणि हात आडवा करण्याचे काम वजनाकडे द्यावे. सर्व्होने फक्त ओढण्याचे काम करावे.

डाखकाम:

तत्त्व मान्य आहे, पण १:८७ मध्ये एक पेच येतो. लांबी ८७ पटीने कमी झाली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीने कमी होते. दहा किलोचा हात या मापात पंधरा मिलिग्रॅमचा होईल. एवढ्याशा वजनाने आसावरचे घर्षणसुद्धा हलणार नाही, म्हणून स्पेक्टॅकल कितीही जड केले तरी हात आपोआप परत येणार नाही.

तेव्हा वजन फळीखाली ठेवावे. मी सांगितलेल्या तरफेच्या मोकळ्या टोकाला मासे धरण्याच्या गळाचे दहाएक ग्रॅम शिसे लटकवावे आणि सिग्नलची तार हाताच्या बाजूला न जोडता स्पेक्टॅकलच्या बाजूला जोडावी. वजन तार खाली ओढील, स्पेक्टॅकल खाली येईल आणि हात वर जाऊन अडणीवर टेकेल. सर्व्हो फळीच्या पोटाला बसवून त्याच्या पात्यापासून तरफेच्या टोकापर्यंत नायलॉनचा दोरा द्यावा. सर्व्होने दोरा वर ओढला की वजन उचलले जाते, तार वर सरकते आणि हात खाली येतो. या वेळी तारेला ढकलावे लागते, पण ती नळीतून जात असल्यामुळे वाकत नाही. परतीच्या वेळी सर्व्होला गरजेपेक्षा थोडे जास्तच परत फिरवावे, म्हणजे दोरा ढिला पडतो आणि मग सर्व्हो एखादा अंश इकडे थांबला काय किंवा तिकडे थांबला काय, हाताला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. दोरा तुटला तर हात धोक्यावर जाईल, पण वीज गेली तर जाणार नाही, कारण सर्व्होचे दाते एवढ्याशा वजनाने उलटे फिरत नाहीत. ज्यांना तेही हवे असेल, त्यांनी विद्युतचुंबकाचा विचार करावा. त्याची हालचाल मात्र टपकन होते आणि डोळ्याला खुपते. सर्व्होत हात सावकाश नेता येतो. खाली येताना मध्ये किंचित थबकून मग पुरा पडावा, आणि वर जाताना अडणीवर टेकून एकदाच दोन-तीन अंश उसळावा. लोअर क्वाड्रंटमध्ये ही उसळी खालच्या दिशेनेच येते, कारण वर अडणी असते. वर आणि खाली असा दोन्हीकडे डोलणारा हात चुकीचा दिसतो.

कंदील:

दिव्यापुरते लिहितो. दिवा खांबाला पक्का असतो आणि त्याच्यासमोरून काचा सरकतात, त्यामुळे फिरत्या भागात वायर नेण्याची गरजच नाही. ०६०३ आकाराची पिवळट पांढरी एलईडी घ्यावी. लाल-हिरवी एलईडी घेण्याचा मोह टाळावा. वायर म्हणून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ४२ गेजची एनॅमलची तार उत्तम, ती साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची असते. रेझिस्टर ५ व्होल्टवर १० किलोओहमच्या आसपास ठेवावा. रॉकेलच्या बत्तीचा उजेड मंदच असे, आणि मॉडेलमधले बहुतेक सिग्नल नको तितके झगझगीत असल्यामुळेच खोटे वाटतात.

उजेड झिरपतो तो एलईडीच्या पाठीमागून आणि बाजूंनी. डबा जोडण्याआधी एलईडीच्या पाच बाजूंना काळ्या नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळल्यावर अंधारात तपासावे. हिरव्या काचेच्या जागी निळसर हिरवी फिल्म लावावी. बत्तीची ज्योत पिवळी असल्याने खरी काचही निळसर असे आणि दोन्ही मिळून हिरवा रंग दिसे. डब्याच्या मागे अगदी बारीक छिद्र ठेवता आले, तर तो झाला बॅकलाइट. हात धोक्यावर असताना केबिनमधून तो पांढरा ठिपका दिसतो आणि सिग्नल पडला की झाकला जातो.

हे सगळे टाळून हाताऐवजी नुसते रंगीत दिवे असलेले कलर लाइट सिग्नल करणे अर्थातच सोपे आहे. मुंबईत व्हीटी ते भायखळा १९२८ पासून ते आहेत. पण आपल्या मीटरगेज स्थानकाला ते शोभणार नाहीत. हलणारे सिग्नल एकदा प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे जरूर जावे.

मीटरगेज:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तरफ, शिसे आणि अडणी यांची व्यवस्था करतो. इंटरलॉकिंगबद्दल ‘केबिन’ यांनी लिहावे ही विनंती. लूपमध्ये गाडी घेताना होम एकच पुरेल का, हेही कळले तर बरे होईल.

केबिन:

आधी आउटरचे सांगतो. दोन संकेतांच्या पद्धतीत आउटरच्या पुढे किमान ४०० मीटर मार्ग मोकळा लागतो, आणि १:८७ मध्ये ते ४.६ मीटर होतात. आपल्या टेबलाच्या जवळजवळ दुप्पट लांबी झाली, म्हणून तो उभा करूच नये. त्याचा खटका मात्र ठेवावा आणि पॅनेलवर आर्म रिपीटर बसवावा. हे लबाडीचे काम नाही. जो सिग्नल केबिनमधून दिसत नाही, त्याच्यासाठी खऱ्या केबिनमध्येही लहान हाताची अशी तबकडी असते. वॉर्नर, म्हणजे पुढे न थांबता जाता येईल का हे सांगणारा हात, आउटरच्याच खांबावर खाली असतो, मासळीच्या शेपटीसारख्या टोकाचा, म्हणून त्यालाही दुसरी तबकडी द्यावी.

खटक्यांना रंग जरूर द्यावेत: थांब्याच्या सिग्नलांना लाल, सांध्यांना काळा, सांध्यांच्या कुलपांना निळा आणि रिकाम्या खटक्यांना पांढरा. हात कोणत्या खटक्यावर जातो आहे हे रंगावरून कळते, आणि प्रोग्रॅम लिहितानाही त्याचा उपयोग होतो.

आता क्रम. सांधा हव्या त्या मार्गाला लागून कुलूपबंद झाल्याशिवाय होम पडता कामा नये. होम पडल्याशिवाय आउटर पडता कामा नये. होम खाली असेतो सांधा हलता कामा नये. नवशिके पहिल्या दोन अटी लिहितात आणि तिसरी विसरतात, मग गाडीच्या चाकांखाली सांधा फिरतो. सांधा लागला आहे की नाही, हे आपण दिलेल्या आज्ञेवरून न ठरवता सांध्याच्या सरकत्या पात्यावरून ठरवावे. प्रत्यक्षात सिग्नलची तार सांध्याजवळच्या डिटेक्टरमधून जाते, आणि पाती रुळाला पुरती टेकली नसतील तर डिटेक्टरच्या खाचा जुळत नाहीत, त्यामुळे केबिनमधून कितीही जोर लावला तरी सिग्नल पडत नाही. आपण तिथे मायक्रोस्विच बसवावा आणि आर्डुइनोने त्या स्विचवरच विश्वास ठेवावा.

लूपसाठी एक हात पुरणार नाही. ब्रॅकेट होम करावा लागेल, म्हणजे एकाच खांबावर आडवी कमान आणि तिच्यावर दोन लहान खांब. त्यांतला मुख्य मार्गाचा उंच आणि लूपचा ठेंगणा ठेवावा, कारण चालक उंचीवरूनच मार्ग ओळखतो. दोन्ही हातांना स्वतंत्र तरफ आणि स्वतंत्र सर्व्हो लागेल. आधीच केलेला ९२ मिलिमीटरचा खांब वाया जात नाही. तो स्टार्टर, म्हणजे गाडीला स्थानकातून निघू देणारा सिग्नल, म्हणून मुख्य मार्गाच्या दुसऱ्या टोकाला उभा करता येईल, फक्त तो फाउलिंग मार्कच्या (ज्यापुढे उभी गाडी शेजारच्या रुळावरच्या गाडीला आडवी येते त्या खुणेच्या) अलीकडे असावा.

वॉर्नर पडणे म्हणजे गाडीने न थांबता मुख्य मार्गावरून थेट निघून जावे, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून आउटर, मुख्य मार्गाचा होम, स्टार्टर आणि असल्यास त्याच्या पुढचा ॲडव्हान्स्ड स्टार्टर हे सारे खाली आल्यावरच त्याचा खटका सुटावा. सांधा लूपला लागलेला असेल तेव्हा वॉर्नर कोणत्याही परिस्थितीत पडता कामा नये. आउटर धोक्यावर गेला की त्याच खांबावरचा वॉर्नरही लगेच आडवा झाला पाहिजे, त्याचा खटका ओढलेला राहिला असला तरीही.