मदत हवी आहे : साडेसहा फुटी बोआ सापासाठी पेटी कशाची करू?

मंडळी, आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. माझी बोआ मादी आता साडेसहा फूट झाली (केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे). चार फुटी काचेच्या टाकीत तिला अंग सरळ करता येत नाही. रात्रभर नाक घासून ओठाजवळचे खवले सोलले गेलेत, बघवत नाही. 6×2×2 फुटांची पेटी करायची आहे. गावचा सुतार प्लायवूडच म्हणतो, पण पाण्याच्या कुंडामुळे अन् पावसाळ्यात ते फुगेल ना? पीव्हीसी शीट बरी का? हिवाळ्यात गरम बाजू 31-32 अंश, थंड बाजू 26 जमते. मे महिन्यात मात्र खोलीच 40 पार, त्यात लाईन जाते. हवेसाठी जाळी कुठे अन् किती ठेवू? दार सरकतं की बिजागरीचं? कोणी केली असेल तर मापं सांगा.