धागा: वाचनाची गोडी लागली ती गोऱ्यांच्या कादंबऱ्यांनी. काय चुकलं?

फरदड
बारावीपर्यंत पाठ्यपुस्तक सोडून एक पान वाचलं नव्हतं. दारव्ह्याकडचं गाव, घरी कोरडवाहू कापूस, पुस्तक म्हणजे परीक्षा. मग एकदा एसटीत मित्रानं 'एका कोळियाने' हातात दिलं, हेमिंग्वेचा पुलंनी केलेला अनुवाद. समुद्र मी आजही पाहिलेला नाही. पण ८४ दिवस एक मासा न लागलेला म्हातारा ८५व्या दिवशी परत होडी काढतो, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. दुबार पेरणीला बाबा तसेच निघायचे.

तिथून चटक लागली. पुढे स्टाइनबेकची १९३९ची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' मूळ इंग्रजीत वाचली, डिक्शनरी मांडीवर घेऊन, चार महिने. ओक्लाहोमातली कर्जात बुडालेली कुळं, बँकेनं घेतलेली जमीन, आणि घर पाडायला ट्रॅक्टरवर बसून आलेला पोरगा ओळखीतल्याच माणसाचा, तीन डॉलर रोजानं. शेवटाकडे कापूस वेचणी येते. पहिल्या वेच्याला शंभर पौंडांमागं ८० सेंट, दुसऱ्याला ९०. पिशवी पदरच्या पैशानं घ्यायची. मालकाचा काटा खोटा, म्हणून वेचणारे पिशवीत दगड टाकतात. हे वाचलं आणि उठून अंगणात फेऱ्या मारत बसलो. पोरांना गोडी लावायची तर असली पुस्तकं खुशाल द्या, असं माझं मत.

वर्धेकाठी
वाईट वाटलं वाचून. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६०ची. नवऱ्याचा मोडका संसार ओढणारी कौतिक, आणि संवाद अस्सल वऱ्हाडीत. ती कपाटात धूळ खात पडली आणि तुम्हाला कापूस ओक्लाहोमात दिसला? आधी घरचं वाचा, मग जग फिरा.

ठेचाभाकर
घरच्या भाकरीची चव कळाले अमेरिकेले जा लागलं, हे बरं हाय बावा! आन् डिक्शनरी घेऊन चार महिने बसाले टाइम कोनाले हाय? आमच्या इथं इंग्रजीच्या पेपरातच अर्धे पोट्टे गचकतात.

फरदड
'धग' होती की शाळेच्या कपाटात. पण वर्गात 'मले' म्हटलं की सगळे फिदीफिदी हसायचे. वऱ्हाडीत छापलेलं पुस्तक उघडणं म्हणजे परत तेच, असं वाटायचं. स्टाइनबेकची माणसं व्याकरण धाब्यावर बसवून बोलतात, कॅलिफोर्नियात त्यांना 'ओकी' म्हणून हिणवतात. ते वाचलं त्यानंतर 'धग' काढली. दोन रात्रीत संपवली.

वर्धेकाठी
म्हणजे गोऱ्यानं लिहिलं तेव्हा आपल्या बोलीची लाज गेली. हेच तर माझं दुखणं आहे.

वाचनालयवाला
गावातलं 'ड' वर्गाचं वाचनालय सांभाळतो, म्हणून दोन शब्द. आमच्याकडं सगळ्यात फाटलेलं पुस्तक म्हणजे ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांच्या जगप्रवासाचा अनुवाद. एक सहावीतली पोरगी भांडायला आली, यातली आगगाडी अकोल्याला का येत नाही म्हणून. नकाशा काढून दाखवावं लागलं, ती खानदेशातून बुऱ्हाणपूरला जाते. भांडायला पुस्तक घेऊन येणारी पोरगी मला दहा वर्षांत एकच भेटली. पुस्तक कुठलं हा वाद तुम्ही घाला.

वेचणारीची लेक
फरदडभाऊ, एक विचारू? माझ्या आईनं तीस वर्षं वेचणी केली. संध्याकाळी डोक्यावरचं गाठोडं मालकाच्या काट्यावर उतरवायची नि तशीच चुलीपुढं. तिच्या हातात कादंबरी कधी येणार होती, देशी का विदेशी? आणि तुमच्या घरी तर काटा होता. सकाळच्या दवाचं वजन म्हणून गाठोड्यामागं किलोभर कापायचे आमच्याकडं, दुपारी वेचलेल्या कोरड्या कापसातूनही. पुस्तक वाचताना तुम्ही काट्याच्या कोणत्या बाजूला उभे होतात?

फरदड
ताई, फेऱ्या त्यासाठीच मारल्या. आमचा काटा ओसरीच्या आड्याला टांगलेला असायचा. बाबा आकडा सांगायचे, वही माझ्याकडं. कापून सांगितलेला आकडा मी सातवीपासून लिहीत आलो.

वेचणारीची लेक
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं.

ठेचाभाकर
आता बाबाले सांगतलं का थे?

फरदड
इंग्रजी येत नाही त्यांना, म्हणून दगडाचा भाग मीच वाचून मराठीत सांगितला. अडकित्ता बाजूला ठेवून नीट ऐकलं. मग म्हणाले, "पाह्य, म्हंजे बाया तिकडंही दगड टाकतेत."